गिटार कुणाची, तारा कुठल्या

वार सोमवार, मृगाचा आठवडा, सकाळची वेळ. ठिकाण खर्ड्याचा एसटी स्टँड. हजर: अप्पा, आई, दादा आणि मी. सामान: एक ट्रंक, एक वळकटी, आईने बांधलेला डबा आणि दादाची गिटार.

हजेरी लिहून ठेवतेय, कारण वीस-बावीस वर्षांनी साक्षीदारांची गरज पडली आहे. अप्पा आता नाहीत. उरलो तिघे, आणि त्या सकाळचं आमचं तिघांचं एकमत होत नाही.

मी रत्नागिरीला एका दवाखान्यात औषधांच्या स्टोअरवर नोकरीला निघाले होते. गाडी सुटायच्या आधी दादा आत चढला, गिटार माझ्या मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "घिऊन जा. हितं आता कोण वाजवतंय." नगरला कॉलेजात असताना त्याने ती हौसेने घेतली होती. पुढे अप्पांची कंबर धरली, दादा कॉलेज सोडून शेतीवर आला आणि गिटार खुंटीला गेली. सुट्टीत त्यानेच मला चार कॉर्ड शिकवले होते. एखादी वस्तू अशी मांडीवर ठेवतात तेव्हा ती दिलेली असते, असं मी समजले. यात माझं काय चुकलं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

गावी राहिलेल्यांना समुद्राची हवा म्हणजे सहलीतले फोटो वाटतात. ती काय करते ते आम्ही बाहेर पडलेले जाणतो. इथे कडी-कोयंडे गंजतात, इस्त्री गंजते, पत्र्याच्या कपाटाला आतून फोड येतात. खर्ड्याच्या कोरड्या हवेत गिटारच्या साध्या तारा वर्षानुवर्षं टिकायच्या. इथे पहिल्या पावसाळ्यातच बारीक तारांवर तांबूस डाग आले आणि जाड तारा हिरवट पडल्या. बोटं काळी व्हायची. मी पुसत होते, बदलत होते, पुन्हा पुसत होते.

मग कोटेड तारांबद्दल कळलं. तारेवर अगदी पातळ थर असतो, त्याने घाम आणि खारी हवा आत जात नाही. घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मुलासाठी घेताय? मग साध्याच न्या हो, तो तोडणारच." मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्याने माझ्याकडे, माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "तुम्ही वाजवता?" नाही, मी कपडे वाळत घालते त्यांच्यावर! पन्नाशीला टेकलेल्या बाईने स्वतःसाठी तारा मागितल्या तर इतकं नवल कशाला वाटावं? पुढच्या खेपेलाही त्याने तेच विचारलं.

त्या तारा टिकल्या. मागच्या वर्षी गिटार घेऊन गावी गेले. दादाने हातात घेतली, एकदा छेडली आणि तोंड वाकडं केलं. "गोधडीत गुंडाळल्यावानी आवाज येतोय. ही माझी गिटार न्हाई."

इतकी वर्षं जिवंत ठेवली, त्याबद्दल एक अक्षर नाही.

तरी मी परत आल्यावर नीट चौकशी केली. कोटेड तारांचे दोन प्रकार निघाले. जाड तारेत मधल्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते; एका प्रकारात ती पूर्ण गुंडाळून झाल्यावर वरून थर देतात. ती जास्त टिकते, पण आवाज दबतो. दुसऱ्यात आधी गुंडाळायच्या बारीक तारेलाच थर देतात आणि मग गुंडाळतात. वेढ्यांच्या मधली जागा उघडी राहते, म्हणून आवाज मोकळा येतो. मला पहिला प्रकार सोयीचा होता. घेतला दुसरा, कारण या मे महिन्यात दादा माझ्याकडे राहायला येणार होता आणि त्याला तो आवाज आवडावा असं मला वाटत होतं. हे त्याला सांगितलं नाही. आमच्यात असलं काही सांगायची पद्धत नाही.

तो आला. पहिल्या दिवशी तासभर वाजवत बसला. खूश होता. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून आले तर घरात शिवणयंत्राच्या तेलाचा वास आणि गिटार भिंतीला टेकवलेली, तारा चकचकीत. छेडली तर नुसतं थड्थड्. तेल वेढ्यांच्या मध्ये शिरलं होतं. नवीन तारा मेल्या.

"तेल लावलंस?"

"मग? खाऱ्या हवंनं लोखंड खाऊन जाईल न्हाईतर. तुझं ध्यान न्हाई म्हणून म्या लावलं."

आमच्या घरात खुरपं असो, कुऱ्हाड असो, तेलाचा बोळा फिरवल्याशिवाय भिंतीला टेकवत नाहीत. अप्पा आल्या-गेल्या गड्याला सांगायचे, "पुसल्याबिगर टेकवू नका रं." दादाने गिटारला खुरप्याची माया लावली होती. मला ते कळत होतं, आणि कळत असल्यामुळेच राग जास्त येत होता, कारण धड ओरडताही येईना.

तरी ओरडले. "माझ्या वस्तूला विचारल्याशिवाय हात का लावलास?"

"तुझी?" तो म्हणाला. "सांभाळायला दिली हुती, सुले. दिऊन न्हाई टाकली."

"'घेऊन जा' म्हणाला होतास तू!"

"घिऊन जा म्हणलं. ठिवून घे म्हणलं का?"

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. स्टँडवर दादा नक्की काय म्हणाला ते सांग, म्हटलं. आई म्हणाली, "मला काय ठाव! तुझ्या डब्याचं झाकन लागंना, म्या त्येच्यात हुते. कालवण सांडलं का गं तवा?"

बावीस वर्षांनी हा प्रश्न! सांडलं नव्हतं, असं सांगितलं. मग तीच पुढे म्हणाली, "भांडू नका रं. ऱ्हाऊ दे तिच्यापाशी. एकली हाय बिचारी तिकडं."

बिचारी! माझी नोकरी आहे, घर आहे, शेजार आहे, रविवारी आमचा पाचजणींचा गाण्याचा गट बसतो. गावाला मी अजून त्या एसटीत मांडीवर सामान घेऊन बसलेलीच दिसते. इथल्यांना मी "त्या नगरच्या", गावी गेले की "रत्नागिरीवाली आली." दोन्हीकडे पाहुणी, आणि दोन्हीकडे कामाला मात्र घरची.

निघताना दादा शांत झाला होता. पोरं कमावती झाली, आता संध्याकाळी हात मोकळे असतात, म्हणाला. आईपण म्हणते, घरात आवाज न्हाई. "दिवाळीला येतो न्यायला. तिकडं साध्या तारा टिकत्यात. चढवून ठेव." मग पिशवी उचलत म्हणाला, "न्हाई चढवल्यास तर मी काय ते समजंन. मागणार न्हाई."

याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. भांडला असता तर नाही म्हणता आलं असतं. कॉलेज सोडताना तो असाच न भांडता आला होता, आणि आम्ही कुणीच त्याला विचारलं नव्हतं.

आता घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी सांगेन, जिथल्या हवेचा विचार करून आपण तारा घेतो ते. पण मी दोन्ही पाकिटं आणली आहेत, साधीही आणि कोटेडही. तेलाच्या तारा काढून टाकल्या, लाकूड पुसलं, तारा पिळायच्या खुंट्या साफ केल्या. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे. गिटारवर अजून एकही तार चढवलेली नाही.