केराबाईंनी धुतलेल्या बाटल्या

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत केराबाईंचा दरारा माझ्यापेक्षा जास्त. मूळच्या सांगोल्याच्या, अकरा वर्षं कंत्राटी मदतनीस. पाणी वाया घालवणारा माणूस त्यांच्या मनातून उतरलाच म्हणून समजा. मीही एकदा नळ उघडा ठेवून उतरलो होतो.

गेल्या मार्चमध्ये संघप्रियाचा एम.एस्सी.चा प्रकल्प शेवटाला आला होता. वनस्पतीच्या पेशीत, भिंतीच्या आतल्या बाजूला, प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्या आडव्या असल्या की सेल्युलोजचे धागेही त्यांच्या दिशेनं भिंतीत आडवे पडतात. पिंपाभोवती लोखंडी पट्टे आवळावेत तसे ते पेशीला धरून ठेवतात, म्हणून ती फुगत नाही, लांब होते. औषधानं नळ्या मोडल्या की धागे वाटेल तसे पडतात आणि मूळ टोकाशी गोळ्यासारखं फुगतं. संघप्रिया ज्वारीच्या मुळांवर हेच तपासत होती. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत साधं पाणी. पण या खेपेला साध्या पाण्यातली मुळंही फुगली.

माझं डोकं फिरलं. "बाटल्यांची अदलाबदल केलीस तू! एवढंही लक्ष नको?" सगळ्या वर्गासमोर मी तिला फैलावर घेतलं. ती बिचारी रडायचीच बाकी होती.

तेवढ्यात केराबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. माझ्या टेबलावर त्यांच्याच कंत्राटाच्या मुदतवाढीचा कागद सहीसाठी पडला होता, आणि तो त्यांना दिसत होता.

"पोरीला बोलू नगा, सर. चूक माजी हाय. नळाला पाणी पाच दिसांनी आलं. मागच्या खेपेच्या औशदाच्या बाटल्या आन् साध्या, समद्या एकाच बादलीत इसळल्या म्या."

औषधाचा एवढासा अंशही मुळाला पुरतो. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

"केराबाई, हा कागद बघितलात ना?"

"बघितला की. म्हणून काय पोरीचं वरीस घालवू?"

मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या बाईचा फार अभिमान वाटला. कागदावर सही केली. ते सोपं होतं. मग उठून त्याच वर्गासमोर संघप्रियाकडं वळलो. तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही विद्यार्थ्याला न म्हटलेलं वाक्य आता म्हणायचं होतं. केराबाई माझ्याकडंच बघत होत्या, सुटका नव्हती.

"माझं चुकलं, संघप्रिया," मी म्हणालो.