हलणारा डोंगर

वयाने मोठ्या माणसाविषयी असं लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण आमच्या भागात चित्रांना चालायला लावणारा पहिला माणूस म्हणून त्यांचं कौतुक ऐकतो, तेव्हा गप्प बसवत नाही.

मुंबईच्या एका फिल्म कंपनीत ते पडदे रंगवायचे. तिथून परतले ते डायरेक्टर होऊनच. आमच्या गावात, खांडबाऱ्यात, रेल्वेच्या रुळांना लागून असलेली लाकडाची रिकामी वखार त्यांनी घेतली आणि एकही चित्र हललेलं नसताना तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. गावाने त्यांना ‘साहेब’ म्हणावं अशी त्यांची इच्छा होती, आणि गावानेही फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

मी तेव्हा सुरतेच्या कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. वडील डोंगरावरची शेती करून स्टेशनवर लाकूड चढवायला जात. माझा हात चित्रकलेत बरा होता, म्हणून साहेबांनी मला बोलावलं.

चित्र होतं बगळ्याचं. मागे डोंगर, त्यावरून बगळा उडत जातो, एवढंच. डोंगर साहेबांनी एका पुठ्ठ्यावर एकदाच रंगवला. बगळ्याचं पहिलं आणि शेवटचं चित्रही त्यांचंच. पंख वर-खाली करणारी मधली सगळी चित्रं माझी, काचेसारख्या पारदर्शक तावांवर. एकेक ताव डोंगराच्या पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि टेबलाच्या वर टांगलेल्या कॅमेऱ्याने टिपायचा. उजेडासाठी छपराची कौलं काढली होती. मालगाडी गेली की टेबल थरथरे. गाडी जाईपर्यंत थांबू या का, असं मी भीत भीत विचारलं. मुंबईत ट्रामच्या धडधडीत काम चालतं, असं उत्तर मिळालं.

सुट्टी संपत आली तसं साहेब म्हणाले, कॉलेज सोड, तुला मुख्य चित्रकार करतो. मला मोह झाला. वडिलांनी मात्र एवढंच म्हटलं, की आधी लोकांपुढे तुझं काम पाहू, मग ठरव.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. ती आधी एकट्याने पाहून घ्यावी, हे कुणालाही सुचलं असतं. साहेबांनी मुहूर्त काढला, नारळ फोडला आणि पाहुण्यांसमोरच डबा उघडला. दारं आणि उघडं छप्पर गोणपाटाने झाकून, फिरत्या सिनेमाच्या तंबूतलं यंत्र लावून खेळ सुरू झाला. आधी साहेबांचं नाव संस्थापक म्हणून आलं, मग दिग्दर्शक म्हणून, मग चित्रकार म्हणून. मग डोंगर आला आणि गदगदा हलू लागला.

लाकडाचे व्यापारी पुढेच बसले होते. त्यांच्यातला एक ओरडला, “डोंगर बी नाची ऱ्हायना ना भो!” डोंगरही नाचतोय, यावर सगळी वखार हसली. मध्येच कुठेतरी, गाडी नसतानाचा एक तुकडा होता. त्यात बगळा शांतपणे पंख मारत गेला आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता साहेब काहीतरी बोलतील.

ते बोलले. उठून हसत म्हणाले, “पोरगं नवं आहे. मधली चित्रं त्याची. हात थरथरतो अजून.”

माझे वडील मागे जमिनीवर बसले होते. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तसं त्यांनीही पाहिलं. घरी जाताना त्यांनी विचारलं, खरंच हात थरथरतो का. मी त्यांना डोंगराचा एकच पुठ्ठा कसा होता, आणि तो हलला म्हणजे गाडीने टेबलच हललं, ते समजावलं. त्यांना ते लगेच कळलं. ठरव म्हणाले, मी काही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो. साहेब नव्या चित्राच्या गप्पा मारत होते. मुख्य चित्रकाराची माझी जागा तशीच आहे, म्हणाले.

मी म्हटलं, “साहेब, हलला तो डोंगर. तो तर तुम्ही एकदाच काढला होता. लोकांना तेवढं सांगाल का?”

“हे तुला कळतं, मला कळतं. लोकांना कशाला सांगायचं?” ते म्हणाले. रागावले नाहीत. मला शिकवावं तसं म्हणाले, “कंपनी चालवायची तर कुणाचा तरी हात थरथरावाच लागतो.”

मी माझे ब्रश उचलले. कॉलेज उघडलं त्या दिवशी मी सुरतेत होतो.

आता त्यांचा स्टुडिओ मोठा झाला आहे, सत्कार होतात. भाषणात ते हात थरथरतो म्हणून पळून गेलेल्या एका मुलाचा किस्सा सांगतात, असं ऐकतो. लोक म्हणे खूप हसतात.