बयोकाकूंची घागर

बयोकाकूंच्या पुढे पाण्याचं भांडं ठेवलं की हात लावण्याआधी त्या विचारीत, "कुठलं?" देवळात विचारीत, लग्नघरात विचारीत. माझ्या बायकोनं त्यांच्याच विहिरीचं पाणी त्यांच्याच तांब्यातून पुढे केलं तरी विचारीत. मी एकदा गमतीनं म्हणालो, "काकू, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात." त्या म्हणाल्या, "ऋषीचं नाहीच विचारत मी. पण पाण्याचं विचारायला काय झालं? पोटात ऋषी जातो की पाणी?" मी कल्याणच्या शाळेत मास्तर; त्यानंतर ती म्हण मी वर्गातसुद्धा शिकवली नाही.

पारनाक्यापाशी त्यांचं लहानसं कौलारू घर होतं आणि पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. काकू विधवा. तांबडं आलवण, हातात कायम दोर नाहीतर जपमाळ. एकुलती एक मुलगी यमू, तिला मुंबईत गिरगावात दिलेली. काकूंना अक्षरओळख नव्हती, म्हणून यमूची कार्डं मी वाचून दाखवायची आणि उत्तरंही मीच लिहायची, असा आमचा घरोबा झाला. घरामागे विहीर होती. तिचं पाणी वैशाखातसुद्धा गोड आणि गार असे, आणि काकूंना तिचा अभिमान दुसऱ्या कुणाला दागिन्यांचा असेल तेवढा होता.

"घाईत सोवळं राहत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या गवताच्या गंजीला आग लागली तेव्हा सगळी आळी घागरी घेऊन त्यांच्या विहिरीकडे धावली. काकूंनी आधी आपला दोर वेगळा काढून घेतला, तो धुतला, वाळत घातला आणि मग दुसरा दोर लोकांना शोधून दिला. तोवर गंजी जळून गेली होती. काकूंचं म्हणणं, ती तशीही जळालीच असती. आम्ही या गोष्टीवर पुष्कळ हसलो होतो. आता हसू येत नाही.

यमूच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आगगाडीनं मुंबई दोन तासांवर आली होती, तरी काकू एकदाही लेकीकडे गेल्या नव्हत्या. कारण नळ. मुंबईच्या नळात आत कातड्याची चकती बसवलेली असते, असं त्यांनी कीर्तनात ऐकलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. यमूच्या चाळीतली विहीर मचूळ, सगळी चाळ नळावर. "कातड्यातून आलेलं पाणी पिऊन लेकीला भेटायचं, त्यापेक्षा तिनंच यावं," असं त्या म्हणत. यमू वर्षातून एकदा यायची आणि आल्या आल्या विहिरीवर जाऊन पोहऱ्यानंच पाणी प्यायची. काकू रागावायच्या, पण तोंड फिरवून हसायच्याही.

त्या वर्षी यमू आली नाही. फाल्गुनात कार्ड आलं. 'आई, मला या खेपेला येववत नाही. तूच ये. आंब्यांचे दिवस येतायत. येताना आपल्या विहिरीचं पाणी आण, तुला होईल आणि मलाही घोटभर होईल. फार प्यावंसं वाटतं.'

त्याच टपालानं मला एक बंद पाकीट आलं होतं. यमूच्या नवऱ्यानं लिहिलं होतं की तिला क्षयानं धरलं आहे, डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची आशा सोडायला सांगितलं आहे. आईला कळलं तर ती वाटेतच हाय खाईल, म्हणून यमूनं शपथ घातली आहे. तुम्ही काही सांगू नका, नुसतं घेऊन या. मी ते पत्र धोतराच्या सोग्यात लपवलं आणि कार्ड तेवढं वाचून दाखवलं. काकूंचा चेहरा उजळला. "तीन रात्री राहीन," त्या म्हणाल्या. "चौथ्या दिवशी आई पाहुणी राहत नाही, ओझं होते."

मग बेत सुरू झाला. आयुष्यात कुणी काशीयात्रेचा केला नसेल असा बेत काकूंनी मुंबईच्या तीन रात्रींचा केला. खायला दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, म्हणजे त्यांना विटाळ नाही. वर लाह्या आणि आंबे. प्यायला विहिरीच्या पाण्याची एक मोठी तांब्याची घागर. तिला घट्ट झाकण हवं, म्हणून तांबटाकडे दिली. झाकण सैल झालं, परत दिली. त्यात बारा दिवस गेले. घागरीला गुंडाळायला लोकरीची धाबळी हवी, कारण लोकरीला विटाळ लागत नाही. धाबळी कसरीनं खाल्लेली निघाली. नवीन मागवली. माझ्या शाळेला सुटी लागली तेव्हा मी म्हणालो, "काकू, उद्याच निघू." त्या म्हणाल्या, "अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली. ह्यांच्या नावानं पाण्याचा घट द्यायचा असतो, तो मी कधी चुकवला नाही. आठ दिवसांनी काय बिघडतं?"

काय बिघडतं ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी उठलो की ठरवायचो, आज सांगायचं. काकू अंगणात घागर चिंचेनं घासत बसलेल्या दिसायच्या आणि मी तसाच तोंड धुवायला विहिरीकडे वळायचो. बायको म्हणाली, "शपथ यमूची आहे, जीवही यमूचाच आहे. तुम्ही कशाला सांभाळताय?" मी तिच्यावरच चिडलो. चिडायला घरातलं माणूस बरं असतं.

तृतीयेच्या आधी दोन दिवस आणखी एक कार्ड आलं. काकूंनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे यमूचं अक्षर नव्हे. मला वाचता येत नसलं म्हणून काय झालं? तिची ओळ वर चढत जाते. ही सरळ आहे." मी म्हणालो की तिच्या हाताला चटका बसलाय, म्हणून जावईबोवांनी लिहिलंय. इतकं सफाईनं खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. काकूंनी कार्ड परत माझ्या हातात दिलं. "मास्तर, चटकाच ना?" "चटकाच." त्यांनी माझा शब्द मानला आणि दशम्यांना पीठ दळायला बसल्या.

तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. काकूंनी स्वतः पाणी शेंदलं, घागर भरली, झाकण दाबलं, धाबळी बांधली. हमालाला हात लावू दिला नाही. साठीची बाई ती भरली घागर कडेवर घेऊन फलाटावर उभी होती. गाडीत त्यांनी खिडकीशी धाबळीच्याच दुसऱ्या टोकावर बैठक मारली आणि घागर बाकावर शेजारी ठेवली. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी ती कवटाळली. "यमूला आधी देईन," त्या म्हणाल्या. "ती घटाघटा पिते. मी चूळ भरण्यापुरतंसुद्धा सांडणार नाही."

ठाण्याला मिठागरावर काम करणारी एक आगरी बाई चढली. वयानं काकूंएवढीच, उन्हानं रापलेली, पायाच्या भेगांत मीठ. ती आपण होऊन अंग चोरून समोर बसली. मिठाचे दिवस होते, ती भांडुपला चालली होती. भांडुप आलं, गाडीनं हिसका दिला, घागर कलली आणि इतक्या खटपटीनं बसवलेलं ते झाकण उडालं. काकू खिडकीच्या गजाला धडकल्या होत्या. त्या बाईनं झेप घेऊन एका हातानं घागर सावरली आणि दुसरा तळवा तोंडावर दाबून धरला. ओंजळभर पाणीसुद्धा गेलं नाही.

"धरलंय गो आये, भिऊ नको," ती म्हणाली.

काकूंनी तिच्या ओल्या तळहाताकडे पाहिलं. ती बाई खाली उतरली, काकूंनी घागर उचलली, दारापाशी गेल्या आणि सगळं पाणी फलाटावर ओतलं. बाई थबकली. "आये, कनाला वतलंस गो? येवढं गोड पानी. आमचे मिठागरान घोटभर मिलत नाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती हळहळ होती.

काकू परत येऊन बसल्या. रिकामी घागर मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "विटाळलेलं लेकीच्या तोंडात कसं घालू? असू दे. पुढच्या खेपेला आणीन यमूला."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. गाडी भांडुपलाच उभी होती, उतरून उलट्या गाडीनं कल्याणला जाता आलं असतं. काकू, पुढची खेप नाही, एवढेच शब्द होते. मी शपथेनं बांधलेला आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की भरल्या डब्यात त्यांच्या तोंडाकडे बघण्याचा मला धीर नव्हता. शिट्टी झाली आणि गाडी सुटली.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत वारा येतो म्हणून यमूची खाट बाहेर घातली होती. काकू जिन्यातून वर आल्या आणि पहिल्यांदा तिला ओळखलंच नाही. पुढे जायला निघाल्या. "आई," यमूनं हाक मारली. मग काकू वळल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर अजून माझ्या अंगावर आहे.

यमूचे डोळे घागरीवर होते. "आणलंस ना पाणी? मी सकाळपासून नळाचं घेतलं नाही. म्हटलं, आपलं येतंय."

काकूंनी घागर खाटेच्या कडेला टेकवली. यमूनंच हात लांबवून घागर हलवली, ती रिकामी लागली. लेकीला आईची रीत ठाऊक होती. कुणी शिवलं असेल हे तिला सांगावं लागलं नाही. "असू दे गं," ती म्हणाली, "नळाचं पण वाईट नसतं." काकू उठल्या, मोरीत गेल्या, आपल्या हातानं नळ सोडला आणि फुलपात्र भरून आणलं. यमू दोन घोट प्यायली. उरलेलं उष्टं पाणी काकू उभ्यानं प्यायल्या. कुठलं, म्हणून विचारलं नाही.

रात्रभर त्या खाटेपाशी बसून होत्या. उजाडायच्या आधी त्यांनी मला हलवलं. "मास्तर, धावा. पहिली गाडी मिळेल. पाणी आणा. कशातही आणा, कुणीही शिवू दे." मी गेलो. कल्याणच्या स्टेशनापासून घरापर्यंत पळत गेलो, बायकोनं काही न विचारता आमच्या घरातली घागर भरून दिली. परतीची गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती आणि मी मनातल्या मनात तिला ढकलत होतो. दुपार कलताना चाळीत पोचलो. तेव्हा खाट आत घेतलेली होती आणि गॅलरी धुतलेली होती.

काकूंनी माझ्या हातातून घागर घेतली. संध्याकाळी स्मशानातून माणसं परतली, त्यांना त्यांनी त्या घागरीतलं पाणी एकेकाला वाकून दिलं. कोण कुठला, काही पाहिलं नाही. तीन रात्रींचा बेत होता, आम्ही दुसऱ्या दिवशी कल्याणला आलो.

मी त्यांना सगळं सांगून टाकलं, पत्रही दाखवलं. त्यानंतर चार महिने काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी यमूच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. "वाचा. पहिल्यापासून. या वेळेला काही सोडू नका." मी वाचलं. ते पाकिटातलं पत्रही वाचलं. ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलला नाहीत, आणि मी ओतलं. आता वाटून घेऊ." याहून मोठी क्षमा मला कुणी केलेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मला घेऊन भांडुपच्या मिठागरांवर गेल्या. त्या आगरी बाईला शोधायचं होतं. नाव नाही, गाव नाही; रापलेल्या शंभर बायका मीठ ओढत होत्या. काकू बांधावरून एकेकीच्या तोंडाकडे पाहत दुपारपर्यंत हिंडल्या. एकीनं विचारलं, "काय हरवलं गो आये?" काकू म्हणाल्या, "तिनं धरलं होतं." त्या बाईला काही उमगलं नाही. तिनं काकूंना आपल्या मडक्यातलं पाणी दिलं आणि काकू ते प्यायल्या.

मला शाळेच्या पुस्तकांसाठी वर्षातून एकदा मुंबईला जावं लागे. काकू माझ्याजवळ फिरकीचा तांब्या देत. "यमूच्या नळाचं आणा." जावयानं दुसरं लग्न केलं होतं. त्याची नवी बायको दार उघडी, तांब्या घेई आणि नळाखाली भरून देई. तो तांब्या काकूंच्या देवघरात गंगेच्या बंद गडूशेजारी वर्षभर असे. भटजींनी एकदा नाक मुरडलं तेव्हा काकूंनी त्यांना दक्षिणा दिली आणि पुन्हा बोलावलं नाही.

त्या गेल्या तेही वैशाखातच. दोन दिवस शुद्ध नव्हती. शेजारच्या बायकांनी गंगेचा गडू फोडून आणला, तुळशीचं पान आणलं. मी पळीत गंगा घेतली आणि त्यांच्या ओठांपाशी नेली. ओठ मिटलेलेच राहिले. मी पळी खाली ठेवली, देवघरातून तो तांब्या आणला, फिरकी उघडली आणि त्यातलं पाणी पळीत घेतलं. काकूंनी डोळे किलकिले केले.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

"गिरगावचं," मी म्हणालो.

त्यांनी तोंड उघडलं.