शिंगातला घोट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या ब्रेंडाजवळ तर नाहीच. तुला का सांगतेय? कदाचित तू मला ओळखत नाहीस म्हणून.

आधी थोडं आडवळणाने जाते. मी इंग्लंडात, लंडनजवळच्या मेडनहेडला राहते, सॉफ्टवेअरमधली नोकरी. इथल्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात मी अगदी मिटून गेले होते. दुपारी चारला अंधार, नवरा सतत कामासाठी बाहेरगावी. तेव्हा ऑफिसातली एक मैत्रीण मला त्यांच्या मंडळात घेऊन गेली. ही माणसं उत्तर युरोपातले जुने देव मानतात, ओडिन, फ्रेया वगैरे. महिन्यातून एकदा गावाबाहेरच्या एका स्काउट हटमध्ये, म्हणजे स्काउटच्या मुलांच्या साध्या हॉलमध्ये, जमतात. ढोल वाजतो. ब्रेंडा, म्हणजे मंडळातली सगळ्यात मोठी, रिटायर्ड शिक्षिका, उंच खुर्चीवर डोळे मिटून बसते आणि लोक तिला आपले प्रश्न विचारतात. आपल्याकडे अंगात येतं ना, तसंच. फक्त आरडाओरडा नाही, आणि नंतर चहा-बिस्किटं. हसू नकोस. मीही आधी हसले होतेच.

हे देव मानणाऱ्यांत काही लोक असेही आहेत, जे म्हणतात की हे देव फक्त गोऱ्या रक्ताचे. ब्रेंडाला त्यांची मनस्वी चीड. हटच्या दारात उभी राहून ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची — इथे रंग, कूळ, कोण कुणावर प्रेम करतं, यातलं काही विचारलं जात नाही. देव विचारत नाहीत, तर आपण कोण विचारणार? पहिल्या दिवशी ते ऐकून मी रडले होते, खोटं कशाला बोलू.

आणि एक नियम होता. नव्या माणसाजवळ कुणालाही असुरक्षित वाटलं, तर ब्रेंडाला बाजूला घेऊन सांगायचं. ती कारण विचारणार नाही, आणि त्या माणसाला पुन्हा बोलावणार नाही. पूर्वी एकदा असाच एक वर्णद्वेषी गोड बोलून आत शिरला होता, तेव्हापासूनचा हा नियम. ब्रेंडा मला म्हणाली होती की तो तुझ्यासारख्यांसाठीच केलाय.

सगळ्यात मोठा विधी शिंगाचा. हटच्या मागे शेकोटीभोवती उभं राहायचं. बैलाचं पोकळ शिंग, त्यात मधाची दारू, ते हातोहात फिरतं. ज्याच्या हाती येईल त्याने पूर्वजांचं नाव घ्यायचं नाहीतर शपथ घ्यायची, एक घोट प्यायचा आणि पुढे द्यायचं. सगळ्यांचे ओठ त्याच कडेला. प्यायचं नसेल तर देवांच्या नावाने घोट जमिनीवर ओतला तरी चालतो. शिंगावर दिलेला शब्द मोडला तर सगळ्या मंडळाला तो बाधतो, अशी त्यांची श्रद्धा.

मी पहिल्याच वर्षी त्या शिंगावर काय बोलले होते माहितेय? पुण्याला आमच्या घरी सिंकखाली एक वेगळा कप असायचा. कचरा न्यायला येणाऱ्या बाईंसाठी. मी म्हणाले, असा कप मी आयुष्यात ठेवणार नाही. मंडळातल्या गॅरेथने मला मिठीच मारली. त्याच्या दाढीला कायम तंबाखूचा वास. त्याच्या पाठोपाठ मी कितीदा त्या शिंगाला तोंड लावलं, मला कधी काही वाटलं नाही.

मग तुषार आला. विदर्भातला, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. मी मराठी आहे कळल्यावर केवढा खूश झाला! लगेच ताई म्हणायला लागला. इथे किती वर्षं झाली, कोथिंबीर कुठे बरी मिळते, सगळं बोलून झालं. आणि मग मी — ज्या दारात काही विचारत नाहीत त्याच दाराच्या आत उभी राहून — त्याला आडनाव विचारलं. अगदी सहज, आपण विचारतो तसं. त्याने आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्याने सांगितलं. मला त्याची जात कळली, आणि ती मला कळल्याचं त्याला कळलं. मी नुसतं 'अच्छा' म्हटलं. तो 'अच्छा' कसा असतो ते तुला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी शेकोटीजवळ तो माझ्या शेजारी होता. त्याने शिंग हातात घेऊन पणजोबांचं नाव घेतलं. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेल म्हणून ते उन्हात थांबून राहायचे. हे सगळं तो इंग्रजीत, हळू आवाजात बोलला. माझ्याकडे एकदाही न बघता. मग एक घोट प्यायला, आणि दोन्ही हातांनी शिंग माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं. कपाळाला लावलं. आणि घोट जमिनीवर ओतला.

काय सांगू? सर्दी झाली होती? नव्हती. ठरवून केलं? तेही नाही. हात आपला आपण वळला. ठरवून केलं असतं तर निदान मला आधी कळलं तरी असतं मी कोण आहे ते. बाकीच्यांना वाटलं, मी भारावून देवांना वाहिलं. ब्रेंडाने तर माझ्याकडे बघून कौतुकाने मान डोलावली.

एवढंच असतं तर मी हे कधीतरी, कुणालातरी बोलून गेले असते. पण पुढचंही आहे.

परतताना पाऊस लागला. तुषार म्हणाला घरी सोडतो, आणि मी बसले त्याच्या गाडीत. त्याने हीटर माझ्या बाजूला वळवला. दिवाळीत लेस्टरला मावसबहिणीकडे जायचंय वगैरे सांगत होता. माझ्या घरापाशी गाडी उभी केल्यावर मात्र शांतपणे म्हणाला,

"ताई, तुम्ही ओतलंत ते मी पाहिलं. राग नाहीये. फक्त इथे पण असं होईल, हे एक्स्पेक्ट केलं नव्हतं."

"काहीतरीच काय," मी म्हणाले. दारापर्यंत सोडायला आलेल्या माणसाला चहाला ये म्हणायची आपली रीत. मी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रेंडाला फोन केला आणि म्हणाले, नव्या माणसाजवळ मला सेफ वाटत नाही.

तिने कारण विचारलं नाही. उलट तिने माझी माफी मागितली — आमच्या मंडळात तुला असं वाटावं, याची मला लाज वाटते, म्हणाली. मी ती माफी घेतली. तुषारला एक सभ्य निरोप गेला. त्याने का म्हणून विचारलं नाही. कितीतरी दिवस मी धास्तावलेली होते, तो खरं काय ते ब्रेंडाला कळवेल म्हणून. त्याने नाही कळवलं.

मी अजून जाते. शिंग येतं, मी पिते. ब्रेंडाचे गुडघे आता दुखतात, तिला उभं राहवत नाही, म्हणून दारात उभं राहायचं काम तिने माझ्याकडे दिलंय. गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी आली, बावरलेली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी तिला नेहमीचं सगळं सांगितलं, इथे कुणाला काही विचारत नाहीत. कधीच नाही? तिने विचारलं.

कधीच नाही, मी म्हणाले, आणि तिला आत घेतलं.