चार अंडी, चार खुणा

शिवणवाल्या मावशींच्या घरी ईस्टरची अंडी एकाच पद्धतीने रंगत. कांद्याची सालं महिनाभर साठवायची, व्हिनेगर घालून उकळायची, पाणी गाळून पार गार करायचं, कारण कोमट पाण्यातही मेण सुटतं. उकडलेल्या पांढऱ्या अंड्यावर पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने खूण काढायची. काढताना काही म्हणता काही दिसत नाही. अंडं रंगात बुडालं की मेणाखालची जागा तेवढी पांढरी राहते. प्रत्येकाची खूण ठरलेली. जावई बस चालवतो, त्याला चाक. नातीला मासा. मावशींची स्वतःची कात्री. लेकीला बटण; चार वर्षांची असताना तिने गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं आणि मावशींनी दोन दिवस त्या गिऱ्हाइकाला थापा मारल्या होत्या.

यंदा मात्र मावशींवर लेकीची नजर होती. महिन्यापूर्वी गॅसवर दूध ठेवून त्या बाजारात गेल्या. शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. लेकीने त्याच दिवशी सुनावलं, "ईस्टरपर्यंत बघते. पुन्हा असं काही झालं तर तू आमच्याकडे. मग हुज्जत घालायची नाही."

त्यांच्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. शिलाई मशीनला जागा नाही.

मावशींनी कंबर कसली. शेगडीशेजारी चिठ्ठी चिकटवली: 'बंद केला का?' सकाळी खिडकीशी बसून, एकेक अंडं उजेडात तिरकं धरत त्यांनी खुणा काढल्या. एक झालं की उठायचं, गॅस बंद आहे ना ते हात लावून बघायचं, परत येऊन बसायचं. चार अंडी, चार फेऱ्या.

दुपारी सगळी आली. लेकीने शेगडीकडे एक नजर टाकली; गॅस बंद होता. मावशींना जरा हुरूप आला. जावयाने रंगाच्या पातेल्यातून चमच्याने पहिलं अंडं काढलं.

"मासा! घ्या, राणीसरकारांचं आलं."

दुसऱ्यावरही मासाच. "अहो आई, यंदा आमची बस चाकांशिवाय सोडायची का?"

तिसरा मासा निघाला तशी नात टाळ्या पिटू लागली. "आजी, सगळी माझीच!"

चौथं काढायला जावयाचा हात पुढे होईना. लेकीने काढलं. मासा.

मावशींना सकाळ आठवली. दर वेळी गॅस पाहून परतल्यावर वाटलं होतं, चला, आता सुरुवात करू, आधी नातीचा मासा.

"मुद्दामच काढलेत," त्या म्हणाल्या. "पोरीला आवडतात."

"बरं," लेक म्हणाली. "ह्यांची खूण काय गं?"

"चाक. मला काय वेड लागलंय?"

"आणि माझी?"

मावशींनी लेकीकडे पाहिलं. कपाळ, कानातलं, नाकाचा शेंडा. काहीतरी छोटं, गोल होतं. जिभेपर्यंत येऊन अडकत होतं. समोर ताटलीत चार तांबूस अंडी ठिबकत होती.

"मासा," त्या म्हणाल्या.

जावयाने मुलीला बाल्कनीत नेलं. लेकीने अंडी टिपली, फडक्याने चारही अंड्यांना तेलाचा हात लावला, आई दर वर्षी लावायची तसाच. मग हात पुसले.

"आई, मोठी बॅग कुठे असते?"

"कपाटावर, डावीकडे," मावशींनी लगेच सांगितलं. "चेन अडकते तिची. जपून ओढ."