अंगठ्याच्या बाई

बाई माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. दारात कोणी आलं की त्यांची नजर पायावर जायची. लग्न होऊन मी उंद्रीहून या गावात आले, तेव्हा उंबऱ्याशी माझ्या पायांवर पाणी घालायला त्याच पुढे आल्या. पाणी घालून झाल्यावर त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, सोडला आणि खाली वाकून पाहत राहिल्या. मला वाटलं, जोडवी पाहतायत. मागून कुणी बायका हसल्या. नंतर कळलं, माझ्या या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव ‘अंगठ्याच्या बाई’ म्हणायचं.

या सवयीचं कारण त्यांनीच मला सांगितलं. आधी सासऱ्यांचे पाय सुजले. उन्हात फिरून सुजले असतील, असं सगळे म्हणाले. मग तोंड सुजलं, लघवी कमी झाली, आणि अकोल्याला नेईपर्यंत दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. पुढे मधल्या दिरांचंही तसंच झालं. “इथलं पाणीच घात करते. दाबलं अन् खड्डा तसाच राह्यला, तं समजाव,” बाई म्हणायच्या. घरातलं कोणीही हातपाय धुऊन ओसरीवर टेकलं की त्यांचा अंगठा पुढे यायचा. माझे यजमान वैतागायचे. “वहिनी, डॉक्टर म्हणते, शुगरनं होते, बीपीनं होते, गोळ्यायनं होते. निरं पाण्यानंच होते असं कोणी सांगत नाई.” बाई म्हणायच्या, “नसन होत. पाह्यलं तं काय जाते?”

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, जमिनीखालचं पाणीच खारट. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं, पण तोंडात घेतलं की जीभ आखडते. माझा पहिला चहा फाटला. साबणाला फेस येईना, महिन्याभरात केसांचा काथ्या झाला. पहिल्यांदा तुरीची डाळ लावली, ती दुपार कलली तरी शिजेना. मी चुलीपुढे रडायला लागले, तर बाई शेजारी येऊन बसल्या. “रडू नको. इथली दाळ चुलीवर कमी अन् दातानं जास्त शिजते,” म्हणाल्या आणि मुठीतला सोडा आत टाकला.

गोड पाणी मिळायचं ते शेजारच्या शिवारातल्या एका विहिरीवर. रोज पहाटे बाई तिथून दोन हंडे आणत आणि झाकलेल्या माठात ओतत. तो माठ पोरांचा आणि पुरुषांचा. पोटुशी होते तेव्हा त्या मलाही त्यातलंच द्यायच्या. स्वतः मात्र बोअरचं प्यायच्या. मी म्हणायची, “बाई, तुम्ही पण घ्या ना यातलं.” “मले सवय हाये,” एवढंच उत्तर. आता गावात पाण्याची कॅन येते, पण तेव्हा सुटी लागली की पोरांची तहान वाढे आणि बाईंच्या वाट्याला त्या माठातलं काही उरतच नसे.

माझे यजमान, सुधाकर, प्रवाशांची जीप चालवत. कंबर दुखे म्हणून रोज दुकानातून गोळी घेऊन खात. एकदा मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी ते बूट घालायला बसले आणि बाईंचा अंगठा पडला. सोडल्यावर खड्डा भरेना. बाईंनी पदर खोचला आणि प्रवाशांनी भरलेल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मीही मागे कशीबशी शिरले. मोताळ्याला सगळी माणसं उतरली, बाई उतरेनात.

“वहिनी, उतरा. परतीचे पाशिंजर घेऊ द्या.”

“बुलढाण्याले चाल.”

“काऊन? काय झालं मले?”

“काई झालं नसन तं मी आयुष्यात कोणाचे पाय पाह्यनार नाई. पण आज चाल.”

माणसं जमली, कोणी हसलं. यजमानांनी रागारागाने गाडी घाटाकडे घातली. वाटेत मी मागे बसून माझ्या पोटातल्या बाळावर हात ठेवून होते.

दवाखान्यात तपासलं, तर यजमानांची मूत्रपिंडं बिघडायला लागली होती. “वेळेवर आणलंत,” डॉक्टर म्हणाले. गोळी बंद झाली, पथ्य आणि औषध सुरू झालं. आजही ते जीप चालवतात. त्या दिवशी दवाखान्यातच मी बाईंना म्हणाले, “आता आलोच आहोत, तुमचंही रक्त तपासू.” त्या उठून पाण्याच्या टाकीकडे निघून गेल्या. पुढेही प्रत्येक वेळी काही ना काही निमित्त काढायच्या. स्वतःच्या पायाला कोणाला हात लावू देत नसत. मग एका चैत्रात त्या पायमोजे घालून वावरायला लागल्या. “पाय गार पडतेत,” म्हणाल्या. मी जबरदस्तीने मोजा ओढला. वरच्या शिवणीची खूण मांसात खोल रुतलेली होती.

डायलिसिससाठी त्या बुलढाण्याला, आपल्या मुलाच्या भाड्याच्या खोलीवर राहायला गेल्या. तिथे नळाला गोड पाणी येई. आणि डॉक्टरांनी नेमकं पाणीच तोडलं. दिवसभराचं पिणं एका लहान बाटलीत मोजून भरलेलं असे.

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटची भेट त्याच खोलीत. ओठ सुकलेले, ओल्या फडक्याने त्या सारख्या पुसत होत्या. मला म्हणाल्या, “नळाचं भर एक गिलास.” मी घाबरले. “बाई, तुम्हाला चालत नाही.”

“मले नाई. तू पी.”

मी त्यांच्यासमोर बसून प्याले. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

“गोड हाये?”

“हाव, बाई.”

“अजून घे.”

मला तहान नव्हती. तरी मी उठले आणि पुन्हा गिलास भरून घेतला.