किंचाळणारा ब्रेक आणि रोह्याचा गणपती

जुनी मोटार बाळगणाऱ्या मनुष्यास किस्से जमवावे लागत नाहीत. चाकाला चिखल लागावा तसे ते आपोआप लागत जातात. पेणेत चहाच्या टपरीवर आम्ही चौघे रोज सकाळी जमतो. माझ्या मोटारीच्या ब्रेकच्या किंचाळण्यावर तिथे जेवढा खल झाला, तेवढा विधिमंडळातही होत नसावा!

निमित्त मात्र गंभीर होते. पेणेत घडलेला गणपती रोह्यास धाकट्या भावाच्या घरी पोहोचवण्याचा मान दरवर्षी माझ्या मोटारीचा; गेली काही वर्षे ती किंचाळतच तिथे पोहोचत आली. यंदा सौभाग्यवतींनी बजावले, "आवाज गेला नाय, तर बाप्पा पुतण्याच्या नव्या गाडीतून जाईल. देवाचे कान मोठे असले, म्हणून काय वाट्टेल ते ऐकवायचं?"

*

प्रथम सल्ला नामदेवरावांचा. ते एस.टी.चे निवृत्त चालक.

"अहो, वाजतोय म्हणजे लागतोय! माणसानं न वाजणाऱ्या ब्रेकला भ्यावं!"

हे अभयवचन देताना ते मोटारीत मागे बसले होते आणि पुढचे आसन त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळले होते.

*

इक्बालभाईंचे अर्धे आयुष्य आखातात गेले.

"तिकडे असा आवाज आला की लोक गाडी बदलतात," ते म्हणाले.

"आणि इकडे?"

"इकडे मेकॅनिक बदलतात!"

*

नेमके कोणते चाक ओरडते, हे ठरवण्यासाठी आम्ही धरमतरच्या रस्त्यास गेलो. चार खिडक्यांतून चार पांढरी डोकी बाहेर. मी ब्रेक दाबला. उजवीकडच्यांना आवाज डावीकडून आला, डावीकडच्यांना उजवीकडून. दोष आपल्या बाजूस आहे, असे एकालाही वाटले नाही!

अखेर, या विषयावरील एक जाड इंग्रजी ग्रंथ मी साद्यंत वाचलेला असल्यामुळे, मीच निर्णय दिला : पुढचे डावे चाक.

*

चौथे आमचे सखाराम मूर्तिकार. ते म्हणाले, "ब्रेकच्या पॅडला चकाकी आली असंल. आणा इकडं!" मूर्ती गुळगुळीत करण्याच्या पॉलिश पेपरने त्यांनी दोन्ही बाजूंचे पॅड तासभर घासले. कारखान्यातले गणपती रंगाविना खोळंबले.

पॅड पुन्हा बसवून मोटार फिरवली. सखाराम कान देऊन उभे राहिले आणि समाधानाने म्हणाले, "बघा! आवाज कसा सुबक झाला!"

*

शेवटी मेकॅनिककडे गेलो. त्याच्या दारात मोटार अगदी गप्प! त्याने तीनदा फिरवून आणली.

"काका, हिला कायबी झालेलं नाय. ही तुमच्यावर रुसलीय."

आम्ही निघालो आणि त्याच्या फाटकातच ती किंचाळली. तो धावत आला, चाके उतरवली.

"पुढचं उजवं! पॅड पार झिजलाय. पण हा घासला कुणी?"

सखाराम ढगांकडे पाहू लागले.

"माझ्या ग्रंथात डावे म्हटले आहे," मी स्पष्ट केले.

इक्बालभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुस्तक आमच्या आखातातलं असंल, दादा. तिथं स्टिअरिंगपासून सगळंच उलट्या बाजूला!"

पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड बसले. आवाज गेला, मान राहिला.

*

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको रोह्यास निघालो. सौभाग्यवतींच्या मांडीवर गणपती, त्याच्या मुखावर रुमाल. कोलाडपर्यंत त्या चार वेळा म्हणाल्या, "किती शांत वाटतंय!"

आमच्या घरची रीत अशी की, दारात निरांजनाने ओवाळल्याखेरीज मूर्ती मोटारीतून खाली उतरवायची नाही. भावाच्या दारासमोर मी अलगद ब्रेक दाबला. दार बंद. ओसरीवर कोणी नाही. मी भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला.

आतून भावजयीचा आवाज आला, "कोण हाय ते? गाडी पुढं घ्या जरा! आमचा गणपती यायचाय!"

मी तिसऱ्यांदा भोंगा वाजवला.

"सांगितलं ना, दारात लावू नका!"

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मग मांडीवरची मूर्ती घट्ट धरली, मान खिडकीबाहेर काढली, डोळे मिटले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा सूर लावला :

"कीं ऽ ऽ ई ऽ ऽ ई ऽ ऽ!"

आत भांडी वाजली, पावले धावली.

"बाप्पाची गाडी आली गो, आली! निरांजन लाव!"